कुत्र्यासह स्थलांतर: पिकअपमध्ये काही आठवडे कसे राहावे

जुन्या घराच्या किल्ल्या परत करून झाल्या आहेत आणि नव्या घराच्या अजून हातात पडलेल्या नाहीत, अशा मधल्या काळात काही जण सामान पिकअपच्या हौद्यात भरून थोडे दिवस किंवा काही आठवडे त्याच गाडीत राहतात. एकट्या माणसाला ते निभावून नेता येते. गादी, पाणी, थोडी वीज आणि स्वच्छतागृह यांची सोय लागली की दिवस निघतात. बरोबर कुत्रा असेल तर मात्र योजनेची सुरुवात दुसऱ्याच प्रश्नापासून करावी लागते: जिथे कुत्र्याला प्रवेश नाही अशा ठिकाणी आपल्याला जावे लागेल, तेव्हा तो कुठे असेल? घर पाहायला जाणे, करारावर सह्या करणे, नोकरीची मुलाखत, दवाखाना, कपडे धुणे, आंघोळ, किराणा, या सगळ्या कामांच्या वेळी एरवी कुत्रा घरी असतो आणि ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. गाडीत राहायला लागल्यावर तेवढी एक सोय नाहीशी होते. मी माझ्या दहा वर्षांच्या कुत्रीबरोबर असे सात आठवडे काढले आहेत. निघण्यापूर्वी बिछाना, चूल आणि बॅटरी यांवर जेवढा विचार केला होता, त्याच्या निम्मा जरी या एका प्रश्नावर केला असता, तरी पहिले दोन आठवडे आम्हा दोघींना इतके जड गेले नसते. म्हणून या लेखात तो प्रश्न आधी घेतला आहे.

गाडीत एकटे ठेवता येत नाही, हे धरून चालावे

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा किती लवकर तापते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना, म्हणजे आपल्याला सुखद वाटणाऱ्या हवेत, गाडीच्या आत दहा मिनिटांत सुमारे ३४ अंश आणि अर्ध्या तासात सुमारे ४३ अंश तापमान होते. काचा दोन बोटे खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. माणसासारखा सर्वांगाला घाम कुत्र्याला येत नाही. तो धापा टाकून जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल उडवतो आणि त्या वाटेने अंग थंड ठेवतो. भोवतालची हवाच गरम आणि त्याच्याच श्वासाने दमट झाली की हा उपाय लागू पडेनासा होतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते, आणि ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात होऊन अवयव निकामी होऊ लागतात. चपट्या नाकाचे, स्थूल, वयस्कर किंवा हृदयविकार असलेले कुत्रे त्याहीआधी संकटात येतात. ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून गेलेल्या माणसाला रांगेत वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात व्हायचे ते होऊन जाते.

इंजिन आणि वातानुकूलन चालू ठेवून जाणे हाही भरवशाचा उपाय नाही. इंजिन बंद पडू शकते, काही गाड्यांमध्ये ते ठरावीक वेळाने आपोआप बंद होते, आणि उत्सुकतेने उभ्या राहिलेल्या कुत्र्याचा पंजा काचेच्या किंवा दाराच्या बटनावर पडू शकतो. गाडीतले तापमान मोबाइलवर कळवणारी उपकरणे मिळतात आणि ती उपयोगाची आहेत. पण ती फक्त सूचना देतात, हवा थंड करत नाहीत, आणि नेटवर्क नसेल तर सूचनाही देत नाहीत. माझ्या मते त्यांच्याकडे जादा पहारेकरी म्हणून पाहावे, त्यांच्या जिवावर बाहेर जाऊ नये.

मग कामे करायची कशी? पुढच्या दोन आठवड्यांतली ज्ञात कामे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे कुत्रा कुठे असेल ते लिहावे. कागदावर ही यादी केली की निम्मी कामे फोनवर, घरपोच मागवून किंवा कुत्र्याला बरोबर घेऊन होण्यासारखी आहेत असे ध्यानात येते. उरलेली कामे विखरून न ठेवता एका दिवसात गोळा करावीत आणि त्या दिवसासाठी कुत्र्याला पाळणाघरात किंवा श्वाननिवासात ठेवावे. अशा ठिकाणी बहुधा लसीकरणाचा पुरावा आणि आधी एक ओळखभेट मागतात, म्हणून नव्या गावात पोहोचल्याच्या पहिल्या दिवशीच चौकशी करून ठेवावी. ऐन गरजेच्या दिवशी जागा मिळेलच असे नाही. आठवड्यातून एक दिवस असा पाळणाघराचा ठरवून टाकला की त्याच दिवशी कपडे धुणे, निवांत आंघोळ, घरे पाहणे आणि कचेरीची कामे उरकता येतात. दुकानाबाहेर खांबाला बांधून आत जाणे टाळावे. चोरी, दुसऱ्या कुत्र्याचा हल्ला, गळपट्ट्यातून निसटून पळणे, यांतले काहीही आपली पाठ वळल्यावर होऊ शकते, आणि अनोळखी गावात निसटलेल्या कुत्र्याला परत यायला घर माहीत नसते.

दोघे माणसे असतील तर हा प्रश्न बराच हलका होतो. एक आत, एक बाहेर, एवढाच नियम पुरतो.

निघण्यापूर्वीची तयारी

कुत्र्याला घर बदलणे म्हणजे काय ते सांगता येत नाही. खोकी भरली जाऊ लागली, कपाटे रिकामी होऊ लागली की तो अस्वस्थ होतो, मागे मागे फिरतो, कधी जेवण सोडतो. म्हणून त्याचे अंथरूण, भांडी आणि खेळणी सर्वांत शेवटी उचलावीत, आणि अंथरूण धुऊ नये. त्याच्या ओळखीचा वास असलेली तेवढी एकच वस्तू तो नव्या जागी नेणार असतो.

निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी पिकअपची ओळख सुरू करावी. आधी इंजिन बंद ठेवून गाडीत बसून रोजचे जेवण, मग इंजिन चालू करून पण गाडी न हलवता थोडा वेळ बसणे, मग छोट्या फेऱ्या, आणि शेवटी जुन्या घराच्या दारातच गाडी उभी करून हौद्यात एक संपूर्ण रात्र. या रात्रीचे मोल फार आहे. दार कुठे अडते, कुत्रा पाय पसरून झोपला की माणसाला किती जागा उरते, पहाटे छतावरून पाणी ठिबकते का, हे सगळे घर चार पावलांवर असतानाच कळते. चालत्या गाडीत कुत्रा वारंवार जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, लाळ गाळत असेल तर त्याला गाडी लागते आहे असे समजावे. शेवटचे जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी द्यावे आणि तरीही त्रास राहिला तर पशुवैद्याकडून औषध लिहून घ्यावे.

पशुवैद्याची भेट शेवटच्या दिवसावर ढकलू नये. लसीकरणाची नोंदवही, चालू औषधांची नावे व मात्रा आणि जुन्या आजारांची माहिती यांच्या छापील प्रती गाडीत ठेवाव्यात आणि छायाचित्रे मोबाइलमध्ये. औषधे ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट घ्यावीत, कारण घर मिळण्याची तारीख पुढे जाते ती नेहमीच. देशाची सीमा ओलांडायची असेल तर नियम काही महिने आधी पाहावेत. अनेक देशांत रेबीजची पहिली लस टोचल्यावर २१ दिवस गेल्याशिवाय कुत्र्याला प्रवेश मिळत नाही, आणि काही ठिकाणी रक्ततपासणीत रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर असल्याचा दाखला लागतो; त्या तपासणीत आणि नंतरच्या प्रतीक्षेत बराच काळ जातो.

ओळख पटवण्यासाठी कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपविषयी एक चूक सर्रास होते. चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो, आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये तो पंधरा अंकी असतो. मालकाचे नाव आणि पत्ता नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे असतात. आपण गाडीत राहत असताना तिथे जुने घर आणि कदाचित बंद झालेला फोन नोंदलेला असेल तर चिप असून नसल्यासारखी. म्हणून निघण्याआधीच त्या नोंदीत चालू मोबाइल क्रमांक आणि ठाव लागू शकेल अशा एखाद्या नातेवाइकाचा क्रमांक घालावा, आणि गळपट्ट्याच्या बिल्ल्यावरही पत्त्याऐवजी मोबाइल क्रमांकच कोरून घ्यावा.

वजन आणि मांडणी

पिकअप दिसायला दणकट असते, त्यामुळे तिच्यात काहीही मावेल असे वाटते. प्रत्येक गाडीची वहनक्षमता ठरलेली असते आणि ती बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. त्या आकड्यात हौद्यातल्या सामानाबरोबरच माणसे, कुत्रा, हौद्यावर बसवलेला टप (बंद छत), झोपण्याची फळी आणि पाणी, असे सगळे धरलेले असते. पाण्याचे वजन फसवते: २० लिटरचा एक कॅन म्हणजे डब्यासकट वीस किलोंहून अधिक. सामान भरून झाल्यावर एकदा वजनकाट्यावर गाडी नेऊन वजन करून घ्यावे. मागचा आस अति दाबला गेला की पुढची चाके हलकी होतात, स्टीअरिंग सैल वाटू लागते, रात्री दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पुस्तके, अवजारे, पाणी अशा जड वस्तू तळाशी आणि मागच्या चाकांच्या पुढे, केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवाव्यात. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी.

हौद्याची लांबी आधी मोजून पाहावी. मोठ्या पिकअपमध्ये आखूड हौदा साधारण साडेपाच फुटांचा, मधला साडेसहा फुटांचा आणि लांब हौदा आठ फुटांचा असतो. साडेपाच फुटांत बहुतेकांना तिरपे झोपावे लागते आणि मग कुत्र्याला जागाच उरत नाही. अशा वेळी फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे झडप, उघडा ठेवून त्यावर तंबूचे कापड ताणतात, पण मग रात्री कुत्रा आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये फक्त एक कापड राहते. त्यापेक्षा सामान कमी करणे बरे.

झोपण्याची उंच फळी आणि तिच्याखाली सामानाचे खण अशी मांडणी अनेक जण करतात. माणसासाठी ती सोयीची आहे, पण त्यामुळे वर उरलेल्या जागेत कुत्र्याला नीट उठून बसता येत नाही, आणि वयस्कर कुत्र्याला रोज दहा वेळा कंबरेएवढ्या उंचीवरून खाली उडी मारावी लागते. उडीचा सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. आमच्या तिसऱ्या आठवड्यात माझी कुत्री फाळक्याच्या कडेशी येऊन थांबू लागली. खाली पाही, माझ्याकडे पाही, एक पंजा पुढे टाकून परत मागे घेई. मी ते हट्टीपणा समजत होते. पशुवैद्याने तिचा खांदा दाबला तेव्हा ती कळवळली. त्यानंतर मी फळी काढून टाकली, गादी थेट हौद्याच्या तळावर घातली आणि चढउतारासाठी खरखरीत पृष्ठभागाचा उतरता फळा घेतला. हा फळा पहिल्या दिवसापासून ठेवावा आणि निघण्यापूर्वी घरीच त्यावर चालायला शिकवावे.

तळावर झोपायचे तर खालून थंडी येते. हौद्याचे लोखंड रात्री अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून आधी रबरी पत्रा, त्यावर जाड फोम आणि मग अंथरूण, असे तीन थर दोघांच्याही खाली हवेत. कुत्र्याचा कोपरा एकदा ठरला की तो रोज तोच ठेवावा. आज डाव्या बाजूला, उद्या पायाशी असे करू नये. बाहेरची जागा रोज बदलत असताना आतली ही एक जागा तरी त्याला डोळे मिटून सापडली पाहिजे.

चालत्या गाडीत कुत्र्याची जागा

उघड्या हौद्यात मोकळा कुत्रा नेणे धोक्याचे आहे हे सांगायला नको. पण पट्ट्याने बांधून नेणेही तितकेच वाईट, कारण उडी मारल्यास तो पट्ट्याला लटकतो. बंद टपाखाली नेण्यातला धोका कमी जणांना ठाऊक असतो. गाडी पुढे धावत असताना तिच्या मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि धुरांड्यातून निघालेला वायू तिकडे ओढला जातो. फाळका अर्धवट उघडा असेल किंवा टपाच्या कडेची रबरी पट्टी झिजलेली असेल तर तो वायू आत शिरतो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. शिवाय मागे कुत्रा तापला आहे की ओकतो आहे, हे चालकाला दिसत नाही. म्हणून गाडी चालू असताना कुत्रा केबिनमध्येच असावा: मागच्या सीटवर, छातीला बसणारा हार्नेस घालून तो सीटबेल्टला जोडलेला, किंवा पक्क्या बांधलेल्या पिंजऱ्यात. बेल्टची दोरी गळपट्ट्याला कधीही जोडू नये. अचानक ब्रेक लागला तर मान मोडू शकते. पुढच्या सीटवर बसवायचेच असेल तर त्या बाजूची एअरबॅग बंद करता येते का ते पाहावे. खिडकीतून डोके बाहेर काढण्याची मजा कुत्र्याला कितीही वाटली तरी डोळ्यात उडालेला खडा बुबुळाला जखम करतो. नाक बाहेर येईल एवढीच काच उघडावी.

दर दोन तासांनी थांबावे. गाडीचे दार उघडण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो, हे मला अनुभवाने पटले आहे. म्हणून एक क्रम हाताला लावून घ्यावा: आधी आवाजाने थांबवणे, मग पट्टा हार्नेसला लावणे, पट्ट्याचे दुसरे टोक मनगटाला, आणि मगच कडी. घाईत, पावसात, फोन वाजत असतानाही हा क्रम मोडू नये.

रात्र

मुक्कामाच्या जागी उजेड असताना पोहोचावे. गाडीत झोपण्याविषयीचे नियम गावोगावी वेगळे असतात, त्यामुळे दिवसाच चौकशी करून ठेवावी. मध्यरात्री कोणी काचेवर टकटक केली की माणूस समजावून सांगू शकतो, कुत्रा भुंकतोच. खिडक्यांना आतून गडद पडदे लावले तर येणाजाणाऱ्यांकडे पाहून होणारे भुंकणे बरेच कमी होते. गाडी उभी करताना सावली आत्ता कुठे आहे यापेक्षा सकाळी ऊन कुठून येईल याचा विचार करावा. पहाटे पाचला गार असलेला हौदा सूर्य वर आल्यावर थोड्याच वेळात भट्टी होतो.

टपाखाली दोन जीव रात्रभर श्वास सोडतात आणि तो सगळा ओलावा थंड छताला लागून थेंब धरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या, जाळी लावून, थोड्या उघड्या ठेवल्या तर वारा आरपार खेळतो. थंडी आहे म्हणून सगळे बंद केले तर सकाळी गादी ओली, कुत्र्याचे केस ओले आणि आठवड्याभरात बुरशीचा वास. ऊब मिळावी म्हणून टपाखाली चूल, कोळसा किंवा गॅसचा शेगडीवजा हीटर लावू नये आणि रात्री इंजिन चालू ठेवून झोपू नये. बॅटरीवर चालणारी कार्बन मोनॉक्साइडची धोकाघंटा झोपण्याच्या उंचीवर बसवावी. स्वयंपाक फाळक्यावर, उघड्या हवेत.

आणखी एक गोष्ट गाडी घेतानाच पाहावी. टपाचे झाकण बहुधा बाहेरून उघडण्यासाठी केलेले असते. आतून कडी निघत नसेल तर ती बदलून घ्यावी. हौद्यातून केबिनमध्ये जायला वाट नसते, म्हणजे रात्री धोका वाटला आणि तिथून निघायचे ठरले तर कुत्र्याला घेऊन आधी बाहेर उतरावे लागते. म्हणून किल्ली, विजेरी आणि कुत्र्याचा पट्टा या तीन वस्तू उशाशी एकाच खुंटीवर, अंधारात चाचपून सापडतील अशा टांगाव्यात, आणि गाडी अशी उभी करावी की मागे न घेता सरळ पुढे निघता येईल.

विजेचा विषय थोडक्यात आटोपतो. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर राहण्याची उपकरणे चालवू नयेत. वेगळी बॅटरी ठेवावी. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १,२०० वॅट-तास. पंखा, दिवा आणि मोबाइल यांना ती चांगली पुरते, छोटा फ्रिज असेल तर रोज भरावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज करू नये. कुत्र्यासाठी यातले पंख्याचे काम सर्वांत मोलाचे आहे.

पाणी, जेवण आणि पोट

कुत्र्याला दर किलो वजनामागे रोज साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक लिटरहून थोडे अधिक, आणि उन्हाळ्यात किंवा कोरडे खाद्य खात असल्यास त्याहून बरेच जास्त. पाण्याचा कॅन माणसाचा आणि कुत्र्याचा एकच हिशेबात धरू नये, कमी कोणाला पडले ते कळत नाही. साचलेल्या तळ्याचे हिरवट साय धरलेले पाणी पिऊ देऊ नये. निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष काही तासांत जीव घेऊ शकते.

खाद्य जुनेच चालू ठेवावे. प्रवासात पोट बिघडलेला कुत्रा आणि सहा फुटांचा हौदा या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते सांगायची गरज नाही. बदलणे भागच असेल तर सात ते दहा दिवसांत थोडे थोडे नवे मिसळत जावे. खाद्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा, आणि जेवून झाल्यावर भांडे बाहेर राहू देऊ नये. वासावर उंदरांपासून मोठ्या जनावरांपर्यंत कोणीही येते. भरपेट जेवणानंतर लगेच धावपळ करू देऊ नये.

घरात वरच्या फडताळात असणाऱ्या वस्तू गाडीत कुत्र्याच्या नाकासमोर येतात. चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे, कांदा, लसूण, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम किंवा गोळ्या, ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अशी माणसांची वेदनाशामके मनाने देऊ नयेत. आणि रेडिएटरमधले शीतक: त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि त्याची थोडीशी मात्राही मूत्रपिंडे निकामी करते. गाडीखाली रंगीत थारोळे दिसले तर आधी कुत्र्याला दूर न्यावे, मग गळती शोधावी.

रोज संध्याकाळी, उजेड असताना, अंगावरून सावकाश हात फिरवावा: कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढावी; पिरगाळू नये, जाळू नये, तेल लावू नये. या पाच मिनिटांत पंजाला गेलेली चीर, लागलेला काटा, सुजलेला सांधाही कळतो. झोपेत असताना श्वास मोजण्याची सवय ठेवावी. शांत झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास असतात, आणि गार हवेत तो आकडा सतत वाढलेला राहिला तर पशुवैद्याला दाखवावे.

उष्णतेचा त्रास ओळखायला शिकणे मात्र सर्वांत आधीचे. न थांबणाऱ्या जोरकस धापा, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, अडखळती चाल, ओकारी, अशी लक्षणे दिसली तर आधी सावलीत नेऊन सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो थोड्या वेळात उष्णता कोंडून धरतो. अंग थंड करणे सुरू केल्यावर, ते चालू ठेवतच, दवाखाना गाठावा. कुत्रा सावरल्यासारखा दिसला तरी तपासणी टाळू नये. यासाठी मुक्काम बदलला की त्या भागातला रात्रीही उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना शोधून त्याचा क्रमांक डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावा.

घर शोधताना आणि घरात जाताना

घरमालकाला कुत्र्याविषयी पहिल्याच फोनवर सांगावे. लपवून मिळवलेले घर महिन्याभरात सोडावे लागले तर पुन्हा हौदा आहेच. लसीकरणाची प्रत, कुत्र्याचे एक स्वच्छ छायाचित्र, त्याचे वय व वजन, आणि जुन्या घरमालकाने लिहून दिलेल्या चार ओळी, एवढी कागदपत्रे एका फाइलमध्ये तयार असली की नकाराची जागा पुष्कळदा ‘एकदा भेटायला घेऊन या’ने घेतली जाते. ती भेट लांब फिरवून आणून, कुत्रा दमलेला असताना ठेवावी.

किल्ल्या मिळाल्यावर सामान उतरवण्याआधी कुत्र्याला पट्टा लावून घरभर आणि अंगणाच्या कडेकडेने फिरवावे; कुंपणाखालची फट, न लागणारी कडी, फिनेल ठेवलेला खालचा कप्पा आधी आपल्या नजरेस पडला पाहिजे. हौदा एका दिवसात रिकामा करू नये. त्याचे अंथरूण सर्वांत शेवटी काढावे, आणि पहिले काही आठवडे बाहेर पट्ट्याशिवाय सोडू नये. चिपच्या नोंदीत नवा पत्ता त्याच आठवड्यात घालावा.

पहिल्या रात्री तो घरात झोपेलच असे नाही. माझी कुत्री रात्री अकराच्या सुमाराला दाराशी जाऊन बसली आणि दार उघडताच पट्टा ओढत थेट पिकअपच्या फाळक्यापाशी जाऊन उभी राहिली. मी उतरता फळा लावला, ती वर चढली, आपल्या कोपऱ्यात दोनदा गोल फिरून झोपली, आणि मीही तिच्या शेजारी तिथेच आडवी झाले. दुसऱ्या दिवशी ते अंथरूण, न झटकता, जसेच्या तसे उचलून घरातल्या खिडकीखाली नेऊन ठेवले. तिसऱ्या रात्री ती तिथे झोपली.